बंद मशीनचे बिल

अ‍ॅमेझॉनच्या मुंबईतल्या क्लाउड केंद्रात टी-थ्री मायक्रो नावाचे एक छोटे व्हर्च्युअल मशीन मिळते. शिकणारे बहुतेक जण सुरुवातीला तेच किंवा त्याच्यासारखे काहीतरी घेतात. ते महिनाभर चालू ठेवले तर किती खर्च येतो, हे कागदावर मांडता येते. मशीनचा दर तासाला सुमारे ०.०११२ डॉलर आहे. महिन्याचे ७३० तास धरले की ८ डॉलर १८ सेंट होतात. मशीनला जोडलेली ३० जीबीची डिस्क जीबीमागे महिना ०.०९१२ डॉलर दराने २ डॉलर ७४ सेंट खाते. इंटरनेटवरून त्या मशीनपर्यंत पोचायला सार्वजनिक आयपी पत्ता लागतो. त्याचे तासाला अर्धा सेंट, म्हणजे महिन्याला ३ डॉलर ६५ सेंट. बेरीज साडेचौदा डॉलरच्या थोडी वर जाते. त्यावर १८ टक्के जीएसटी लावला आणि डॉलर ८८ रुपयांना धरला, तर सुमारे १,५१० रुपये होतात. आता समजा, तेच मशीन पहिल्या तारखेला बंद केले आणि महिनाभर त्याला हातही लावला नाही. मशीनची ओळ शून्यावर येते, पण डिस्क आणि कायमचा म्हणून राखून घेतलेला पत्ता या दोन ओळी जशाच्या तशा राहतात. कर धरून बिल येते सुमारे ६६० रुपयांचे, म्हणजे चालू मशीनच्या बिलाच्या ४४ टक्के.

दर बदलतात, रुपया वरखाली होतो, त्यामुळे हे आकडे उद्या थोडे वेगळे असतील. प्रमाण मात्र फारसे हलणार नाही. क्लाउड कंपनीने नव्या ग्राहकाला दिलेली मोफत मुदत संपल्यावर ज्यांना धक्का बसतो, त्यांचा धक्का बहुतेक वेळा याच ४४ टक्क्यांत असतो. ‘मी तर काही वापरलेच नव्हते’ अशी त्यांची तक्रार असते आणि ती खरीही असते. पण क्लाउडचे बिल फक्त वापरावर लावलेले नसते. आपल्या नावावर जे जे अडवून ठेवले आहे, त्या सगळ्याचे ते बिल असते. वापर हा त्यातला एक भाग. मोफत मुदत नेमकी हीच गोष्ट झाकून ठेवते, कारण त्या काळात अडवणुकीची किंमतही शून्यच दिसते. ग्राहक तंत्र शिकतो, किंमत शिकत नाही. माझ्या मते दोष दर महाग असण्यात नाही. खर्चाला कमाल मर्यादा घालायची सोय फक्त मोफत काळापुरती देऊन पुढे ती काढून घेतली जाते, यात आहे.

आधी हा व्यवहार काय आहे ते पाहू. अ‍ॅमेझॉनने ऑगस्ट २००६ मध्ये ईसीटू ही सेवा चाचणी स्वरूपात सुरू केली तेव्हा लहान मशीनचा दर तासाला १० सेंट होता. कल्पना साधी होती: एका मोठ्या सर्व्हरचे सॉफ्टवेअरच्या मदतीने अनेक तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा ग्राहकाला स्वतंत्र संगणकासारखा भासेल अशी व्यवस्था करायची, आणि तो तासाच्या भाड्याने द्यायचा. पुढे मायक्रोसॉफ्टचे अझूर आणि गुगल क्लाउड आले, तासाचा हिशेब सेकंदावर आला, आणि केंद्रे भारतात उघडली. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतातली केंद्रे सुरू केली, त्यातले ‘सेंट्रल इंडिया’ नावाचे केंद्र पुण्यात आहे. अ‍ॅमेझॉन २०१६ मध्ये मुंबईत आले, गुगल पुढच्या वर्षी. आज कोल्हापूरचा एखादा इंजिनीअरिंगचा विद्यार्थी किंवा नाशिकचा छोटा सॉफ्टवेअर व्यावसायिक पाच मिनिटांत मुंबईतला सर्व्हर भाड्याने घेऊ शकतो. वीस वर्षांपूर्वी त्याला सर्व्हर विकत घ्यावा लागला असता, त्यासाठी वातानुकूलित खोली आणि वीज गेल्यावर चालणारी बॅटरी लागली असती. ही सोय खरोखर मोठी आहे, आणि पुढे जे म्हणायचे आहे ते ही सोय नाकारण्यासाठी नाही.

हे बिल समजून घ्यायला महावितरणचे वीजबिल डोळ्यांसमोर आणावे. त्यात वीज आकार असतो, तो युनिटांवर. पण त्याच्या आधी स्थिर आकार असतो. घराला कुलूप लावून दोन महिने गावी गेले तरी तो येतो, कारण जोडणी तुमच्या नावावर आहे. शिवाय वहन आकार असतो, वीज तुमच्यापर्यंत वाहून आणण्याचा. क्लाउडच्या बिलातही हेच तीन आकार आहेत, फक्त त्यांना अशी सरळ नावे नाहीत. मशीन चालण्याचे तास म्हणजे वीज आकार. डिस्क, राखून ठेवलेला पत्ता, जुन्या डिस्कच्या जपून ठेवलेल्या प्रती म्हणजे स्नॅपशॉट, हा सगळा स्थिर आकार. आणि मशीनमधून बाहेर जाणाऱ्या डेटावरचा दर हा वहन आकार. आत येणाऱ्या डेटाला पैसे पडत नाहीत, बाहेर जाणाऱ्याला पडतात. अ‍ॅमेझॉनमध्ये महिन्याला पहिले १०० जीबी माफ आहेत, त्यानंतर मुंबईतून जीबीमागे सुमारे ११ सेंट. एखाद्या क्लासचालकाने आपल्या तासांचे व्हिडिओ अशा मशीनवर ठेवले आणि मुलांनी महिन्यात १,००० जीबी पाहिले, तर मशीनचे भाडे ८ डॉलर आणि वहनाचे जवळजवळ १०० डॉलर, असा उलटा प्रकार होतो. वीजबिलाशी असलेले साम्य मात्र एका जागी संपते. घरातल्या मीटरला मंजूर भार असतो. तो फार ओलांडला तर फ्यूज उडतो आणि अंधार होतो. क्लाउडच्या मीटरला फ्यूज नाही.

स्थिर आकार का असतो, याला तांत्रिक कारणे आहेत आणि ती लबाडीची नाहीत. मशीन चालू असताना त्याने घेतलेली मेमरी दुसऱ्या कोणाला देता येत नाही, म्हणून ते मशीन रात्रभर काहीही न करता नुसते जागे असले तरी पूर्ण दराने पैसे पडतात. मशीन बंद केले की मेमरी आणि प्रोसेसर दुसऱ्याला देता येतात, पण डिस्कवरचा तुमचा डेटा तर कुठे जात नाही; तो तिथेच सांभाळावा लागतो, एखादा हार्डवेअरचा भाग बिघडला तरी हरवू नये म्हणून त्याची आणखी प्रत ठेवावी लागते. पत्त्याची गोष्ट आणखी रंजक आहे. आयपी पत्त्यांची जुनी पद्धत एकूण सुमारे ४३० कोटी पत्तेच देऊ शकते. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपले, तेव्हापासून हे पत्ते बाजारात विकत घ्यावे लागतात. अ‍ॅमेझॉनने १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक पत्त्याला पैसे लावले, वापरात असो वा नसो. त्याआधी वापरात असलेल्या पत्त्याला पैसे नव्हते. वर्षानुवर्षे मशीन चालवणाऱ्यांच्या बिलातही त्या महिन्यात एक नवी ओळ उगवली.

बंद करणे म्हणजे नेमके काय, हेही प्रत्येक कंपनीत वेगळे आहे. अझूरमध्ये मशीनच्या आत शिरून, घरचा संगणक बंद करतो तसे शटडाउन केले, तर मशीन ‘स्टॉप्ड’ दिसते आणि भाडे मात्र पूर्ण चालू राहते, कारण त्या मशीनची जागा अजून तुमच्यासाठी राखलेली असते. भाडे थांबवायचे तर बाहेरच्या पोर्टलवरून ते थांबवावे लागते. मग शब्द दिसतो ‘स्टॉप्ड (डीअलोकेटेड)’. एका कंसातल्या शब्दावर महिन्याचे भाडे अवलंबून आहे. हे ज्याला आधी कोणी सांगितले नाही, त्याने ते ओळखावे तरी कसे? मशीन कायमचे काढून टाकले तरी गोष्ट संपत नाही. अ‍ॅमेझॉनमध्ये मशीनची मूळ डिस्क त्याच्याबरोबर आपोआप जाते, पण नंतर जोडलेली जास्तीची डिस्क, घेतलेले स्नॅपशॉट, राखलेला पत्ता हे मागे राहतात. ते ज्या पानावर दिसतात ते पान एका वेळी एकच रीजन, म्हणजे एकाच ठिकाणचे केंद्र, दाखवते. कोणी उत्सुकतेने सिंगापूर किंवा ओहायोमध्ये मशीन काढून पाहिले असेल, तर मुंबईच्या पानावर सगळे रिकामे दिसते आणि बिल येतच राहते.

आता मोफत मुदतीकडे वळू. गुगल नव्या ग्राहकाला ३०० डॉलरचे क्रेडिट देते, ९० दिवसांसाठी. मायक्रोसॉफ्ट २०० डॉलर देते, ३० दिवसांसाठी, आणि शिवाय काही ठरावीक सेवा वर्षभर मोफत. अ‍ॅमेझॉनची पद्धत १५ जुलै २०२५ ला बदलली. त्याआधी उघडलेल्या खात्यांना वर्षभर दर महिन्याला लहान मशीनचे ७५० तास मिळत. त्यानंतरच्या खात्यांना जास्तीत जास्त २०० डॉलरचे क्रेडिट आणि सहा महिन्यांची मोफत योजना मिळते. ऐकायला तिन्ही सारखीच वाटतात. पण तास मोफत देणे आणि पैशांचे क्रेडिट देणे यात मोठा फरक आहे. ३१ दिवसांच्या महिन्यात ७४४ तास असतात, म्हणजे जुन्या ७५० तासांत एकच मशीन बसे. दोन चालू ठेवली की महिन्याच्या मध्यापर्यंत कोटा संपे आणि उरलेल्या पंधरवड्याचे बिल दोन्ही मशीनांवर लागे. मोफत म्हणताना कोणते मशीन, कुठले, कोणत्या डिस्कसह, या अटीही बारीक असतात. गुगलचे कायम मोफत असलेले ई-टू मायक्रो मशीन फक्त अमेरिकेतल्या ओरेगॉन, आयोवा आणि साउथ कॅरोलायना या तीन केंद्रांतच मोफत आहे. पुण्यातल्या माणसाने साहजिकच जवळचे म्हणून मुंबई निवडली तर तेच मशीन पहिल्या तासापासून पैसे खाते. डिस्कही साध्या प्रकारचीच मोफत आहे. मशीन तयार करताना समोर आपोआप निवडलेली असते ती ‘बॅलन्स्ड’ प्रकारची डिस्क मोफत यादीत नाही. ९० दिवस क्रेडिटातून सगळे वळते होत असते तेव्हा हे कोणाच्या लक्षात येत नाही. एक्याण्णवाव्या दिवशी येते.

वर मांडलेल्या हिशेबातल्या टी-थ्री मायक्रोचाही असा एक कोपरा आहे. त्याच्या दोन प्रोसेसरांची सरासरी १० टक्के क्षमताच त्या स्वस्त दरात मिळते. काम कमी असताना जमा झालेली शिल्लक गर्दीच्या वेळी वापरता येते, ही कल्पना चांगली आहे. पण हे मशीन सुरू होते तेव्हा मुळातच ‘अनलिमिटेड’ या पर्यायावर असते: शिल्लक संपली तर मशीन मंद होत नाही, जास्तीच्या वापराचे प्रोसेसरमागे तासाला ५ सेंट लागतात. एखाद्या चुकलेल्या प्रोग्रॅमने दोन्ही प्रोसेसर रात्रंदिवस १०० टक्के राबवले तर तासाला ९ सेंट जास्तीचे होतात. हा मूळ भाड्याच्या आठपट आकडा आहे, महिन्याला ६५ डॉलरच्या आसपास. जुन्या योजनेत ७५० तास मोफत असतानाही हे जास्तीचे पैसे लागू शकत होते. शिकणाऱ्याच्या मशीनने पैसे मागण्यापेक्षा मंद व्हावे, असे कोणालाही वाटेल. तो पर्याय आहे, ‘स्टँडर्ड’ नावाने. पण तो शोधून निवडावा लागतो.

मूळ मुद्दा इथे येतो. मोफत काळात तिन्ही कंपन्यांनी खर्चावर झाकण ठेवलेले आहे. गुगलचे क्रेडिट किंवा मुदत संपली की मशीने थांबवली जातात आणि ३० दिवसांच्या आत तुम्ही पैसे भरणारे खाते केले नाही तर सगळे पुसले जाते. आपोआप बिल लागत नाही. अझूरच्या मोफत खात्याला ‘स्पेंडिंग लिमिट’ असते, २०० डॉलर संपले की सेवा बंद. अ‍ॅमेझॉनच्या नव्या मोफत योजनेत सहा महिने किंवा क्रेडिट, जे आधी संपेल तेव्हा खाते बंद होते आणि डेटा आणखी ९० दिवस राखून ठेवला जातो. म्हणजे ‘अमुक रकमेवर थांब’ असे यंत्रणेला सांगणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, आणि तिघांनीही ते करून दाखवलेले आहे. मग ग्राहक पैसे भरणारा झाला की ते झाकण काढून घेतले जाते. अझूरमध्ये तर ते बक्षिसाच्या अटीतच गुंतवलेले आहे: वर्षभराच्या मोफत सेवा पुढे चालू ठेवायच्या तर ३० दिवसांनंतर वापराप्रमाणे पैसे भरण्याच्या खात्यावर यावे लागते, आणि त्या खात्याला खर्चाची मर्यादा नसते. गुगलमध्ये मोफत काळात ग्राफिक्स प्रोसेसर जोडता येत नाही, विंडोज सर्व्हर घेता येत नाही. आजकाल एआय शिकणाऱ्याला ग्राफिक्स प्रोसेसर हवाच असतो. त्यासाठी तो खाते बदलतो आणि क्रेडिट शिल्लक असतानाच झाकण स्वतःच्या हाताने काढून टाकतो.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की सगळे दर जाहीर आहेत, खर्च मोजण्याचे कॅल्क्युलेटरही फुकट आहेत. न वाचणाऱ्याचा दोष कंपनीवर का ढकलायचा? आक्षेप अर्धा बरोबर आहे. दर खरेच जाहीर आहेत, या लेखाच्या सुरुवातीचा हिशेब त्याच दरांवर केलेला आहे. पण दर माहीत असणे आणि बिल माहीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅल्क्युलेटर तुम्हाला विचारतो की महिन्याला किती डेटा बाहेर जाईल. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा सर्व्हर उभा केला आहे, त्याला हे कसे माहीत असेल? तो अंदाजाने काहीतरी भरतो, किंवा रकाना रिकामा ठेवतो आणि कॅल्क्युलेटर शून्य धरतो. शिवाय जोखीम फक्त स्वतःच्या वापराची नसते. प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये लिहिलेली क्लाउड खात्याची गुप्त किल्ली चुकून गिटहब या प्रोग्रॅम ठेवण्याच्या संकेतस्थळावर सार्वजनिक झाली, तर अशा किल्ल्या शोधत फिरणारे स्वयंचलित प्रोग्रॅम ती काही मिनिटांत उचलतात आणि त्या खात्यातून क्रिप्टो चलन खणायला मोठमोठी मशीने सुरू करतात. कोणतेही दरपत्रक वाचून हे बिल टळत नाही. ते टळते फक्त मर्यादेने.

दुसरा आक्षेप कंपन्यांचे अभियंते घेतात आणि तो सर्वांत वजनदार आहे. पक्की मर्यादा घातली तर ती ओलांडल्या क्षणी काय काय बंद करायचे? दुकानाची वेबसाइट दिवाळीच्या आदल्या दिवशी गर्दीमुळे मर्यादेला टेकली आणि यंत्रणेने ती बंद केली, तर नुकसान बिलापेक्षा मोठे होईल. आणि स्थिर आकार थांबवायचा तर डिस्क पुसावी लागेल, म्हणजे डेटा गेला. म्हणून कंपन्या बजेटची सूचना देतात: अमुक रक्कम झाली की ई-मेल येतो, पुढे काय करायचे ते तुम्ही ठरवा. धंदा चालवणाऱ्याच्या बाबतीत हे बरोबर आहे. पण सूचनेच्या दोन अडचणी आहेत. ती उशिरा येते, कारण खर्चाचे आकडे दिवसातून दोन-तीनदाच ताजे होतात. रात्री सुरू झालेला घोळ सकाळच्या ई-मेलपर्यंत आपले काम उरकून मोकळा होतो. आणि ती नुसती सूचना आहे. अ‍ॅमेझॉनच्या बजेटला मशीन आपोआप थांबवण्याची जोड देता येते हे खरे, पण थांबलेल्या मशीनचे ४४ टक्के तसेच राहतात हे आपण पाहिलेच. गुगलने खर्च वाढला की बिलिंगच तोडून टाकायची रीत आपल्या माहितीपत्रकात दिली आहे. ती स्वतः प्रोग्रॅम लिहून जोडावी लागते. म्हणजे खर्चाची सगळ्यात जास्त भीती ज्याला आहे त्या नवख्याला, सगळ्यात अवघड काम करावे लागते. दिवाळीत बंद न पडण्याची गरज असलेल्या दुकानदारावर कोणी मर्यादा लादू म्हणत नाही. ती ज्याला हवी त्याने खाते उघडताना एक खूण करून मागावी, परिणाम ठळक अक्षरांत वाचून. शिकण्यासाठी उभ्या केलेल्या मशीनचा डेटा गेला तर विद्यार्थ्याचा एक रविवार जातो, आणि तेवढी किंमत मोजायला तो खुशीने तयार असतो.

तिसरे म्हणणे असे की कंपन्या पहिल्या चुकीचे बिल बहुधा माफ करतात. हे बऱ्याचदा घडते हे खरे आहे. २०२४ च्या वसंतात एका सॉफ्टवेअर विकासकाने उघड लिहिले की त्याच्या रिकाम्या, खासगी साठवण-कप्प्यावर अनोळखी यंत्रांनी केलेल्या आणि नाकारल्या गेलेल्या मागण्यांचेच १,३०० डॉलरहून अधिक बिल आले. अ‍ॅमेझॉनने ते माफ केले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात नियमही बदलला: बाहेरच्या अनधिकृत मागण्यांचे पैसे आता लागत नाहीत. या घटनेतून कंपनी ऐकते हे सिद्ध होतेच. पण नाकारलेल्या मागणीचे पैसे मालकाकडून घेण्याचा नियम अनेक वर्षे चालू होता आणि एका लेखाचा गाजावाजा झाल्यावर तो बदलला, हेही सिद्ध होते. माफी ही कृपा आहे, तिला अर्ज लागतो, इंग्रजीत पत्रव्यवहार लागतो, आणि ती मिळेपर्यंत झोप उडते. ग्राहकाचा हक्क म्हणून ती कुठेही लिहिलेली नाही.

भारतात एक गमतीशीर आडकाठी मात्र आहे, तीही क्लाउड कंपन्यांनी घातलेली नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून वारंवार होणाऱ्या आपोआप वसुलीआधी २४ तास सूचना द्यावी लागते, आणि २०२२ पासून सर्वसाधारणपणे १५,००० रुपयांपेक्षा मोठी रक्कम ग्राहकाने ओटीपीसारखी वेगळी मंजुरी दिल्याशिवाय कापता येत नाही. त्यामुळे सकाळी उठून कार्डावरून लाखभर रुपये गेलेले दिसले, असा प्रसंग इथे सहसा येत नाही. पण हा फ्यूज कार्डाला आहे, मीटरला नाही. पैसे कापले गेले नाहीत म्हणून देणे मिटत नाही. मशीन चालू राहते, थकबाकी साठते, मग खाते गोठवले जाते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या डिझाइन पद्धतींबद्दल मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात १३ पद्धतींची यादी आहे आणि वर्गणीच्या सापळ्याच्या व्याख्येत, मोफत वर्गणीसाठी पैसे भरण्याचा तपशील किंवा आपोआप वसुलीची मंजुरी बळेच मागणे हाही प्रकार धरला आहे. क्लाउड कंपन्या कार्ड मागतात ते ओळख पटवायला आणि फुकट्या क्रिप्टोवाल्यांना रोखायला, असे त्यांचे उत्तर असते, आणि ते पोकळ नाही. पण ओळख पटवायला मागितलेले कार्ड पुढे अमर्याद वसुलीला जोडलेले राहू नये, एवढी मागणी त्या उत्तराला धरूनही करता येते.

मग पैसे भरायची वेळ आली की सामान्य माणसाने काय करावे? आधी हे ठरवावे की आपल्याला ताणता येणारे मशीन खरेच हवे आहे का. महाराष्ट्रात दहावीचा निकाल लागतो त्या दुपारी एक वाजता संकेतस्थळांवर जी झुंबड उडते, तिच्यासाठी एका तासापुरती शंभर मशीने घ्यावी आणि संध्याकाळी परत करावी, हे क्लाउडचे खरे काम आहे. तिथे तासाच्या मीटरसारखे स्वस्त काही नाही. पण एखाद्या संस्थेची चार पानांची वेबसाइट बाराही महिने एकाच संथ गतीने चालते. तिला मीटर नको, ठरावीक मासिक भाडे पुरते. डिजिटलओशनसारख्या कंपन्या महिन्याला ४ डॉलरपासून असे मशीन देतात. अ‍ॅमेझॉनच्याच लाइटसेल सेवेत ५ डॉलरपासून मिळते, डिस्क, पत्ता आणि बाहेर जाणाऱ्या डेटाचा ठरावीक कोटा धरून. सुरुवातीच्या हिशेबातल्या साडेचौदा डॉलरशी याची तुलना करून पाहावी. अर्थात बंद ठेवल्याने इथेही भाडे थांबत नाही, मशीन पुसले तरच थांबते. पण निदान आकडा आधीपासून माहीत असतो. आणि विद्यार्थ्यांनी मायक्रोसॉफ्टची विद्यार्थी योजना आधी पाहावी: वर्षाला १०० डॉलरचे क्रेडिट मिळते आणि कार्ड मागितले जात नाही. कार्डच नसेल तर बिल जाणार कुठे!

मीटरवरच राहायचे असेल, तर मोफत मुदत संपण्याच्या आठवडाभर आधी बिलाचे पान उघडावे आणि क्रेडिट वजा होण्याआधीचा आकडा पाहावा. पुढच्या महिन्यात येणाऱ्या बिलाचा तोच सर्वांत प्रामाणिक अंदाज असतो, आणि तो बहुतेक जण मुदत संपेपर्यंत पाहतच नाहीत. टी-थ्री मशीन ‘स्टँडर्ड’वर आणावे. जे नको ते नुसते बंद करू नये, काढून टाकावे. आधी मशीन, मग सुटी राहिलेली डिस्क, स्नॅपशॉट, शेवटी पत्ता, आणि हे प्रत्येक रीजनमध्ये जाऊन. बजेटची सूचना अगदी लहान रकमेवर लावावी, एका डॉलरवर लावली तरी हरकत नाही. सगळे काढून खाते बंद केल्यावरही त्या चालू महिन्यात बंद करण्याआधी झालेल्या वापराचे एक शेवटचे बिल पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला येते. ते पाहून घाबरू नये. त्याच्या पुढच्या महिन्यातही आले, तर मात्र कुठल्यातरी रीजनमध्ये एखादी डिस्क राहून गेली होती का, हे कंपनीला लेखी विचारावे.